माका तुझो कानच दिसता

परवा आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा जॉइन झाला. वय वर्षं तेवीस. पहिल्या दिवशी त्याने विचारलेला पहिला प्रश्न, "मला सेकंड मॉनिटर कधी मिळणार?" प्रोजेक्ट काय आहे, कोड कुठे आहे, चहा कुठे मिळतो... काही नाही. सेकंड मॉनिटर! आणि खरं सांगायचं तर यात त्याची काही चूक नाही. त्याच्या आजूबाजूला बसलेल्या आम्हा सगळ्यांसमोर दोन-दोन पडदे होते, काहींसमोर तीन. एका पडद्यावर काम करणारा माणूस म्हणजे आमच्यात अगदी बिचारा. त्याला एकतर बजेट नाही किंवा महत्त्व नाही.

मी स्वतः तीनवाला. म्हणजे, होतो. पुण्याच्या घरी मधे २७ इंची, दोन्ही बाजूंना २४ इंची आणि खाली लॅपटॉप उघडा ठेवलेला तो वेगळाच. डावीकडे मेल आणि टीम्स, मधे कोड, उजवीकडे क्रिकेट किंवा यूट्यूब. शनिवारी रात्री मधल्या पडद्यावर गेम, बाकीचं जैसे थे. टेबलाचा फोटो काढून मित्रांना पाठवला होता तेव्हा दोघातिघांनी "कॉकपिट!" असं लिहून पाठवलं होतं. काय भारी वाटलं होतं म्हणून सांगू!

तर आज याच कॉकपिटबद्दल थोडं भांडायचं आहे. तुमच्याशीही आणि माझ्याशीही.

आधी तुमचं म्हणणं मांडतो, म्हणजे मागाहून "आमचं ऐकूनच घेतलं नाही" असं नको व्हायला. दोन पडदे असले की काम वेगाने होतं. याला संशोधनाचा आधार आहे. युटा विद्यापीठात अभ्यास झालाय. बरोबर? बरोबर. अभ्यास झालाय, आणि त्याचे आकडे मॉनिटर विकणारे वर्षानुवर्षं मिरवत आले आहेत. फक्त दोन गोष्टी ते मोठ्याने सांगत नाहीत. एक म्हणजे २००८ च्या त्या अभ्यासाचे पैसे एनईसीने दिले होते, आणि एनईसी मॉनिटर बनवायची. (कोकम सरबत प्रकृतीला उत्तम, असा शोध कोकमवाल्याने लावला तर तो खोटा असेलच असं नाही, पण आपण जरा बाजूने बघतो की नाही?) दुसरी गोष्ट तर त्याहून मजेशीर आहे. १८ इंची पडद्याच्या तुलनेत दोन २० इंची पडद्यांवर लोकांनी काम ४४ टक्के वेगाने उरकलं. आणि एकाच २४ इंची पडद्यावर? ५२ टक्के! म्हणजे ज्या अभ्यासाच्या जिवावर आपण ऑफिसकडे दुसरा मॉनिटर मागतो, त्यात पहिला नंबर एकाच मोठ्या पडद्याचा आला होता. शिवाय २६ इंचीवर गेल्यावर फायदा पुन्हा घसरला होता.

म्हणजे जागा हवी, हे कबूल. पडदा लहान असला की खिडक्या बदलण्यातच जीव जातो. पण "जागा हवी" आणि "दुसरा पडदा हवा" या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि आपण पहिलीच्या नावावर दुसरी पदरात पाडून घेतो.

मग त्या दुसऱ्या पडद्यावर आपण ठेवतो काय? मायक्रोसॉफ्टच्या जोनाथन ग्रुडिन यांनी २००१ मध्ये यावर एक छान निबंध लिहिला होता. त्यांनी दोन-तीन मॉनिटर वापरणाऱ्यांना बसून बघितलं. त्यांना दिसलं असं की लोक दुसरा मॉनिटर जास्तीची जागा म्हणून वापरतच नाहीत. ते एक भिंत घालतात. मुख्य काम इकडे, आणि ज्यावर नुसती 'नजर ठेवायची' ते तिकडे. मेल, चॅट, काय चाललंय काय नाही. ग्रुडिनना ही सोय चांगली वाटली होती, आणि २००१ साली ती असेलही. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, स्लॅक नव्हतं, टीम्स नव्हतं. तिकडच्या पडद्यावर अधूनमधून एखादं पाखरू येऊन बसायचं. आज तिथे मासळीबाजार भरतो.

आता जरा हात पुढे करा. पूर्ण लांब. अंगठा वर करून त्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला एका वेळी नीट, स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच. दृष्टीच्या मध्यातला सुमारे दोन अंशांचा भाग. बाकी सगळं धूसर असतं, आणि मेंदू ते आठवणीने भरून काढतो. धूसर भागाचं काम एकच, काही हललं की दचकवायचं. झाडीत वाघ हलला तर मान वळावी म्हणून निसर्गाने केलेली सोय आहे ती. आणि आपण नेमक्या त्याच जागी टीम्सची खिडकी लावून ठेवली. दिवसातून शेकडो वेळा वाघ हलतो आणि शेकडो वेळा तो "हाय, क्विक क्वेश्चन" निघतो.

यावर उत्तर ठरलेलं आहे. "अरे, पण मी मल्टिटास्किंग करतो."

मित्रांनो, आपण इंजिनिअर आहोत. निदान आपण तरी हा शब्द जपून वापरायला हवा. हा शब्द माणसांचा नाहीच मुळी. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांसाठी तो वापरात आला. आणि एकच प्रोसेसर असलेलं यंत्र तेव्हाही दोन कामं एकदम करत नव्हतं. एकाचं थोडं, दुसऱ्याचं थोडं, पुन्हा पहिल्याचं. प्रत्येक बदलाला रजिस्टर जपून ठेवा, दुसऱ्याचे भरा, कॅशे थंड पडलेला असतो तो परत तापवा. कॉन्टेक्स्ट स्विच फुकट नसतो हे आपण कॉलेजात परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत! मग स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत तेच उत्तर कसं विसरलो? यंत्र निदान रजिस्टर जसेच्या तसे जपून ठेवतं. आपल्याला पाच मिनिटांनी फंक्शनचं नावही आठवत नाही.

पुन्हा युटा विद्यापीठातच जाऊ. तिथेच सॅनबॉनमात्सू, स्ट्रेयर वगैरे मंडळींनी २०१३ मध्ये विद्यार्थ्यांची मल्टिटास्किंगची परीक्षा घेतली. निकाल असा की जे सगळ्यात जास्त मल्टिटास्किंग करतात तेच त्यात सगळ्यात कच्चे, आणि स्वतःच्या कौशल्याबद्दलचा अंदाज मात्र भलताच वाढीव. त्याआधी २०१० मध्ये स्ट्रेयर आणि वॉटसन यांना दोनशे जणांमध्ये असे काही सापडले होते ज्यांना दोन कामं एकदम करताना खरोखरच फरक पडत नव्हता. किती? अडीच टक्के. म्हणजे पाच जण! आता हे वाचणारा प्रत्येक जण मनात म्हणतोय, "हां, मी त्या पाचातला." मीही म्हटलं होतं. :)

आता गेमिंगकडे येतो. कारण ऑफिसमधले शहाणे लोक इथे येऊन थांबतात आणि म्हणतात की आमचे पडदे कामासाठी, त्या गेमवाल्यांचे उधळपट्टीसाठी. मला उलटंच वाटतं.

तीन पडद्यांवर गेम खेळायचं वेड जुनं आहे. १९९३ चा डूम आठवतो? त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये तीन कॉम्प्युटर जोडून मधला, डावा, उजवा असे तीन पडदे चालवायची सोय होती. तीन कॉम्प्युटर! १९९८ मध्ये विंडोजने एकाहून जास्त मॉनिटर चालवायला सुरुवात केली. २००२ मध्ये मॅट्रॉक्सने तीन मॉनिटरचं पार्हेलिया कार्ड काढलं. २००९ मध्ये एएमडीने आयफिनिटी आणलं आणि पुढच्या वर्षी सहा पडद्यांपर्यंत मजल गेली. हिशेब करून बघा. एका फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. तीन पडद्यांवर ६२ लाख २० हजार ८००. सेकंदाला साठ चित्रं म्हटली तर ३७ कोटींवर ठिपके दर सेकंदाला रंगवायचे. बिचारं कार्ड घामाघूम होतं, आणि एवढं करून बाजूच्या पडद्यांवरची झाडं ताणलेल्या रबरासारखी दिसतात, आणि मधे मॉनिटरच्या चौकटींच्या दोन काळ्या पट्ट्या. उधळपट्टी? शंभर टक्के.

पण जो माणूस तीन पडदे लावून विमान उडवतो किंवा गाडी चालवतो त्याच्याकडे कधी नीट बघा. तीन पडद्यांवर तीन गोष्टी नसतात. एकच रस्ता असतो. डावीकडे डावा आरसा, उजवीकडे उजवं वळण. तो मान वळवतो तीही त्याच जगात. हाक मारली तर ओ देत नाही. तो एकच काम करतोय आणि त्यात बुडालाय. मला विचाराल तर तो प्रामाणिक आहे. आपण ज्याला 'प्रॉडक्टिव्हिटी' म्हणतो त्यापेक्षा त्याचं खेळणं जास्त एकाग्र आहे.

लबाड आहोत ते आपण. मधल्या पडद्यावर गेम आणि बाजूच्या पडद्यावर दुसरा कोणीतरी तोच गेम खेळतोय त्याचा व्हिडिओ. (हे मी केलंय. हसू नका, तुम्हीही केलंय.) म्हणजे आपण खेळतानासुद्धा पूर्ण खेळत नाही. काम करताना काम नाही, खेळताना खेळ नाही. आणि याला नाव काय, तर मल्टिटास्किंग.

म्हणून माझा वाद पडद्यांच्या संख्येशी नाहीच. आमच्याकडे मालवणला बंदरात जाऊन मोठ्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये डोकावलात तर तिथेही जीपीएसचा एक पडदा आणि फिश फाइंडरचा दुसरा दिसेल. तांडेल दोन्हीकडे बघतो. पण दोन्ही पडदे एकाच मासळीबद्दल बोलत असतात, बोट कुठे आहे आणि बोटीखाली काय आहे. एका बाजूला कोड आणि दुसऱ्या बाजूला तो चालताना दिसतोय, हेही तसंच. जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी लावून बघणारा डॉक्टर, तोही तसाच. पडदे दोन, काम एक. याला कोणाची हरकत? हरकत आहे ती दोन कामांच्या दोन पडद्यांना. तिथे दुसरा पडदा तुमच्यासाठी नसतोच. तो इतरांना तुमच्यापर्यंत कधीही पोहोचता यावं म्हणून असतो. ऑफिसने उदारपणे दिलेल्या त्या मॉनिटरवर तुमचा हिरवा ठिपका जळत राहतो आणि 'दोन मिनिटं आहेत का' म्हणणाऱ्याला दार उघडं राहतं. नोकरीच्या जाहिरातीत 'मल्टिटास्किंग आवश्यक' असं लिहितात ना, त्याचं सरळ मराठी भाषांतर 'आम्ही मधेमधे येणार, तुम्ही तक्रार करायची नाही' असं आहे.

मालवणचा विषय निघालाच आहे तर एलईडीबद्दल सांगतो. आमच्या किनाऱ्यावर हा शब्द घरात लावायच्या दिव्यासाठी कोणी वापरत नाही, भांडणासाठी वापरतात. मोठी बोट रात्री समुद्रात जाते, जनरेटर लावते आणि प्रखर दिव्यांचा लखलखाट करते. उजेड बघून लांबलांबची मासळी गोळा होते. मग भोवती जाळं फिरवून खालून आवळून घेतात. मोठी, लहान, अंड्यावरची, सगळी सरसकट. पारंपरिक मच्छीमार सकाळी जाळं टाकतो तेव्हा समुद्र रिकामा. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तरी तक्रारी आणि आंदोलनं थांबलेली नाहीत.

या पद्धतीत माशाला कोणी ओढून नेत नाही. आमिषही लावत नाही. नुसता उजेड दाखवतात आणि मासा आपल्या पायांनी (म्हणजे परांनी म्हणा) येतो. हा सगळा वाद मी लहानपणापासून नाही तरी गेली दहा वर्षं घरी ऐकतोय. आणि माझ्याच टेबलावर डाव्या बाजूला २४ इंची एलईडी लावलेला होता हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नाही.

आता घरचं. हे लिहायचं की नाही यावर दोन शनिवार गेले.

२०२० मध्ये वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि मी एक मॉनिटर गाडीत घालून मालवणला गेलो. दीड वर्ष तिथे होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. १६ मेला आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड पडले, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि वीज कित्येक दिवस आली नाही. मॉनिटर म्हणजे भिंतीला टेकवलेली काळी पाटी झाली. शेजाऱ्यांकडे जनरेटर होता, त्यावर रोज थोडा वेळ लॅपटॉप चार्ज करून मिळायचा. नेटवर्क नाहीच. त्या दिवसांत चौदा इंची पडद्यावर, पडवीत बसून, मी दोन महिने रखडलेलं एक मॉड्यूल लिहून संपवलं. तुम्ही म्हणाल, नेट नव्हतं म्हणून झालं, त्यात पडद्याचा काय संबंध? अहो, मी तेच तर म्हणतोय!

आणि वीज आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? मॉनिटर जोडला.

पुण्याला परत आल्यावर आई रोज रात्री व्हिडिओ कॉल करायची. कॉलची खिडकी मी डाव्या पडद्यावर टाकायचो, कारण मधल्यावर काम असायचं, नाहीतर गेम. कॅमेरा मधल्या पडद्याच्या डोक्यावर. त्यामुळे मी आईकडे बघितलं की तिला माझा कान दिसायचा, आणि कामाकडे बघितलं की तोंड. म्हणजे तिला माझं तोंड तेव्हाच दिसे जेव्हा मी तिच्याकडे बघत नसे. ती हसून म्हणायची, "माका तुझो कानच दिसता. बरो धुतलेलो आसा." मीही हसायचो. आणि "हां... हां..." म्हणत राहायचो. आमच्यातल्या प्रत्येकाकडे हा स्वर असतो. ऐकतोय असं दाखवणारा, काहीच न ऐकणारा. मीटिंगमध्ये तो कमावलेला असतो, घरी फुकट वापरतो.

गेल्या वर्षी चतुर्थीला गेलो. फोंडाघाट उतरून कणकवली, मग मालवण, नेहमीचा रस्ता. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर बाबांची होडी जागेवर नाही. फायबरची होती, छोटी, मागे इंजिन. माझ्या पहिल्या पगारातून इंजिनला पैसे दिले होते. वाटलं दुरुस्तीला दिली असेल. घरी येऊन सहज विचारलं, "होडी खंय?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "विकली नाय? मी तुका तीनदा सांगलंय. तू हां म्हटलंस."

तीनदा! जूनमध्ये सांगितलं की मासळी मिळत नाही, डिझेलही सुटत नाही, विकायचं म्हणतायत, तुला काय वाटतं. मी हां म्हटलं. मग सांगितलं की गिऱ्हाईक आलंय, तू एकदा बाबांशी बोल. मी हां म्हटलं. मग सांगितलं की दिली. त्यावरही हां. बाबांनी चाळीस वर्षं समुद्रावर काढली. ती होडी विकायच्या आधी त्यांना माझ्याशी एकदा बोलायचं होतं, आणि त्यांनी माझ्या त्या 'हां'ला माझी संमती समजली. मी त्यांना "माफ करा" वगैरे म्हणायला गेलो तर म्हणाले, "ता जावं दे. जेव आधी."

तुम्ही म्हणाल यात मॉनिटरचा काय दोष? लक्ष न देणारा एका पडद्यावरही लक्ष देत नाही. खरं आहे. दोष माझाच. पण दारू पिणाऱ्याचा दोष दारूचा नसतो म्हणून कोणी बाटली टेबलावर उघडी ठेवायचा सल्ला देत नाही. एकच पडदा असता तर मला आईची खिडकी बंद करून कामाची उघडावी लागली असती. तेवढी एक कृती, तेवढी एक लाज मधे आली असती. दुसऱ्या पडद्याने ती लाजच काढून टाकली. दोन्ही गोष्टी समोर आहेत, म्हणजे दोन्हीकडे आपण आहोत, असा तो भास देतो.

आमच्याकडे दशावतारात रंगमंचावर एक बाकडं असतं. बस. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच महाल. रात्रभर माणसं त्या एका बाकड्याकडे बघत बसतात आणि पहाटे डोळे चोळत घरी जातात. मी त्यातलाच एक होतो कधीतरी.

असो. तर मी काय केलं? डावा मॉनिटर नव्या मुलाला दिला. (तो प्रचंड खूश आहे. त्याला हे सगळं सांगितलं, त्याने "हां... हां..." केलं.) उजवा ठेवलाय, पण त्यावर फक्त हातातल्या कामाचंच काहीतरी. मेल आणि टीम्स मधल्या पडद्यावर, ठरलेल्या वेळी उघडायचं आणि बंद करायचं. पहिल्या आठवड्यात दोघांनी विचारलं, "तू दिसत नाहीस हल्ली?" कोड बघून मात्र कोणी तक्रार केलेली नाही. गेम खेळतो, अजूनही खेळतो, पण खेळताना खेळतो.

आणि रात्रीचा कॉल लॅपटॉपवर, मॉनिटर बंद करून, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली आईची खिडकी. पहिल्या दिवशी तिने बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाली, "आज कान खंय गेलो?" मग मागे वळून बाबांना हाक मारली, "येवा हो, आज झिलाचा तोंड दिसता."

बाबा आले. आम्ही वीस मिनिटं बोललो. बहुतेक पावसाबद्दल.